दिवा हलतोय का

"हादरा!" ओतिलिया ओरडली आणि हॉलमधल्या सगळ्या माना एकदम वर गेल्या. छताच्या मधोमध लांब वायरीला एक बल्ब टांगलेला होता, त्याच्याकडे सगळे बघत राहिले. कुणी वाळूची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून अर्धवट उठलेलं, कुणी अर्धवट बसलेलं, आणि हलायचं कुणी नाव घेईना. बल्बही हलला नाही. खिडक्यांच्या काचा वाजल्या नाहीत, बाहेरच्या जिन्यावरचं एकही कुत्रं भुंकलं नाही. वालपाराइसो शहराच्या त्या टेकडीवर, वस्तीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, जे काही थरथरत होतं ते एवढंच: एकाहत्तर वर्षांच्या ओतिलिया बार्रिएन्तोसच्या दोन मांड्या.

"सेन्योरा, हा भूकंप तुमच्या घरचा दिसतोय," शेजारच्या खुर्चीवरून लाउतारो म्हणाला. तो बंदरावर क्रेन चालवायचा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी सगळी टेकडी त्याला अजून उस्तादच म्हणायची. "आम्हांला आमंत्रण नाही वाटतं."

"किती रिश्टरचा गं, ओती?" पलीकडून नोल्फानं विचारलं. नोल्फा तिची भिंतीला भिंत लावून असलेली शेजारीण. "बंदरावर कळवायला हवं. लाटबीट यायची उगीच."

मग हसण्याचा एक लोट आला आणि त्यात सगळे धपाधप खुर्च्यांवर बसले. शिकवणारी यास्ना तेवढी बसली नाही. खालच्या दवाखान्यातून आठवड्यातून दोनदा ती वर येई, हाडं विरळ झालेल्या, किंवा व्हायच्या भीतीनं आलेल्या या म्हाताऱ्यांना उठवायला आणि बसवायला. "हसताय काय?" ती म्हणाली. "ज्यांच्या थरथरत नाहीयेत त्यांनी पिशवीत वाळू कमी भरलीय. उस्ताद, तुमची आणा बघू इकडे."

"पोरी, माझी पिशवी म्हणजे माझी खासगी बाब आहे."

"सेन्योरा ओतिलिया, थरथरू द्या. काम करतायत म्हणून थरथरतायत. आता खाली या. पडल्यासारखं नाही, खुर्ची लांब आहे असं समजून या."

ओतिलिया खाली आली. खुर्ची खरोखरच लांब होती. हसण्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. हसण्यासारखंच होतं ते. पण उरलेला सगळा वेळ, भिंतीला हात टेकून टाचा उचलताना, पाण्याचे कॅन उचलून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेताना, मनात काहीतरी बारीक टोचत राहिलं. आजवर असं कधी झालं नव्हतं. इथल्या माणसाला हादरा ओळखावा लागत नाही, तो अंगात आधी शिरतो आणि डोक्यात नंतर. झोपेतसुद्धा कळतं, हा लहान आहे, कूस बदल आणि झोप. हा थांबत नाहीये, ऊठ, दाराच्या चौकटीत जा. तिची आजी चुलीवरचं ढवळता ढवळता एक हात भांड्याच्या कानावर ठेवायची, बस, तेवढंच. आणि ओतिलिया तर त्यातली पारखी. नोकरीत असताना दूध तपासायच्या प्रयोगशाळेत तिच्या टेबलावरच्या चंचुपात्रात दुधाच्या नमुन्यावर बारीक वर्तुळं उठायची, अगदी नखाएवढी, आणि ती म्हणायची, "आला," आणि मग कुठे बाकीच्यांच्या खुर्च्या हलायच्या. तिच्याबद्दल असं म्हणत की ओतिलियाला जमीन आधी कळवते. आणि आज तिला स्वतःचे पाय आणि जमीन यांतला फरक कळला नव्हता. आपण कुठे संपतो आणि खालचं कुठे सुरू होतं, ती रेघच कुणीतरी पुसल्यासारखी झाली होती. म्हातारपण म्हणजे हेच की काय, असं तिच्या मनात आलं. विसरणं, न ऐकू येणं, हे सगळं ठीक. त्याची तिनं तयारी ठेवली होती. या असल्या चुकीची नव्हती ठेवली.

वर्ग सुटला तेव्हा उजेड उतरायला लागला होता. समुद्रावरून धुकं वर चढत होतं आणि खालचं बंदर त्यात अर्धं बुडालं होतं. क्रेनच्या माना तेवढ्या वर. ओतिलियानं कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेतले, कागदात बांधलेले, अजून गरम, ते डाव्या हाताशी कवटाळले आणि ती जिन्यापाशी आली. जिना म्हणजे टेकडीच. दोन्ही बाजूंना रंगवलेल्या पत्र्यांची घरं, मधून हा सिमेंटचा जिना, कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे मध्येच वळलेला, कडेनं लोखंडी कठडा. रुळांवरून वर जाणारी लाकडी गाडी बंद पडून इतकी वर्षं झाली होती की तिच्या खिडकीत आता कबुतरं राहत होती. वर जायचं तर पायीच. जन्मापासून ती हा जिना चढत होती आणि गेली तीन वर्षं ती त्याला भीत होती.

तीन वर्षांपूर्वी हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राखाली ती पंधरा मिनिटं पडून होती. मग डॉक्टरनं पडद्यावर तिच्याच खुब्याचं चित्र दाखवलं. राखाडी, मधूनमधून काळसर, भिजून सुकलेल्या पुठ्ठ्यासारखं. त्यानं आकडा सांगितला, पुढे वजा चिन्ह होतं. डॉक्टर दिलगीर चेहऱ्यानं समजावून सांगायला लागला, हाडं म्हणजे काय, कॅल्शियम म्हणजे काय, आणि ती मान डोलवत राहिली. उभी हयात तिनं दुधातलं कॅल्शियम मोजण्यात घालवली होती. नमुना घ्यायचा, त्यात रंग टाकायचा, वरच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा. गडद लाल रंग जांभळट होत जातो आणि मग एका थेंबाला अचानक निळा होतो, स्वच्छ निळा. तो थेंब आला की थांबायचं. त्याच्या आधीचा थेंब काही सांगत नाही, नंतरचा खोटं सांगतो. सगळ्या प्रांताच्या दुधातलं कॅल्शियम तिच्या बोटांमधून गेलं होतं आणि तिच्या स्वतःच्या हाडांमधून ते कधी निघून गेलं, याचा तिला पत्ता नव्हता. तिला हसू आलं होतं. डॉक्टरला वाटलं, धक्का बसलाय.

धक्का नंतर बसला, घरी आल्यावर. बसला म्हणजे मुरला. दुसऱ्या दिवसापासून ती काचेची झाली. वरच्या फळीवरची बरणी काढायची नाही. गॅसचा सिलिंडर सरकवायचा नाही, गाडीवाल्या पोराला आत बोलवायचं. वाकायचं नाही, पळायचं तर नाहीच, जिना उतरायचा तो दोन्ही हातांनी कठडा धरून, खेकड्यासारखा आडवा. मग रोज उतरायचं कशाला, एक दिवसाआड. मग आठवड्यातून दोनदा. नोल्फा म्हणाली, "अगं, तुझ्यापेक्षा माझी मांजर जास्त हिंडते, आणि ती आंधळी आहे." ओतिलिया म्हणाली, मी जपतेय. आणि खरंच ती जपत होती. जपता जपता तिची पोटरी इतकी बारीक झाली की मोजे घोट्यावर येऊन पडायला लागले. एकदा मोजा वर ओढताना तिची नजर त्या पोटरीवर गेली आणि तिला वाटलं, ही मी कुठेतरी पाहिलीय. ही माझी नाही.

ती आईची होती. तिची आई सदुसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरात पडली, ओट्याच्या कडेला, सांडलेलं पाणी पुसताना. त्याच्या दोन वर्षं आधी एकदा तिचं मनगट मोडलं होतं, आणि तेव्हापासून सगळ्यांनी तिला बसवून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले बसा, शेजारी म्हणाले बसा, ओतिलिया कामावर जाताना रोज सांगायची, आई, काही उचलू नकोस, मी आल्यावर करते. त्या काळी प्रेम असंच करत. आईला खिडकीपाशी खुर्ची दिलेली होती, समुद्र दिसणारी. त्या खुर्चीत आईचे पाय हळूहळू नाहीसे झाले, जसा बशीतला बर्फ होतो, कुणाच्या लक्षात न येता. आणि ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी खुबा मोडला हे तर झालंच, पण तिला नुसतं कुशीवर वळायलासुद्धा ताकद उरली नव्हती. घरात होती फक्त माकारेना, ओतिलियाची मुलगी, नऊ वर्षांची, नुकतीच शाळेतून आलेली. तिनं आजीला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेजारी कुणी नव्हतं, किंवा त्या पोरीला बोलवायचं सुचलं नाही. ओतिलिया संध्याकाळी दारात आली तेव्हा दोघी जमिनीवर होत्या. आजी आडवी, नात तिच्या डोक्याशी मांडी घालून, आजीचा हात हातात घेऊन, आणि पोरीचा फ्रॉक ओला, कारण ती सांडलेल्या पाण्यातच बसली होती. "मी उचललं, पण ती उठत नाहीये," पोर म्हणाली. रडत नव्हती. आजी पुढे हिवाळाभर पुढच्या खोलीत अंथरुणावर होती, वसंत आला तेव्हा नव्हती. माकारेनानं त्या दुपारबद्दल पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. पण ओतिलियाच्या हाडांचा आकडा कळला तेव्हा शेहेचाळीस वर्षांची ही मुलगी सान्तियागोहून दुसऱ्याच दिवशी आली, चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, "आई, माझ्याकडे चल. अकरावा मजला आहे, लिफ्ट आहे, एक पायरी चढायला नको."

"आणि समुद्र?"

"समुद्र काय करायचाय? समुद्र उचलणार आहे तुला?"

मग बरीच ओढाताण झाली, आणि शेवटी दोघींत एक ठरलं. जबरदस्ती नाही. पण ओतिलिया एकदा जरी पडली, कुठेही, कशीही, तर प्रश्न विचारायचा नाही, सामान बांधायचं. घर भाड्यानं द्यायचं. ओतिलियानं हो म्हटलं, आणि शब्दाची ती पक्की. म्हणून तर ती इतकी जपत होती. आणि ज्या दिवशी तिला स्वतःच्या मोज्यात आईची पोटरी दिसली, त्या दिवशी तिला कळलं की हे जपणंच तिला अकराव्या मजल्याकडे नेतंय, एकेक पायरी. त्याच आठवड्यात ती वस्तीच्या हॉलमध्ये जाऊन नाव देऊन आली.

पहिल्या दिवशी यास्नानं सगळ्यांना जुन्या जीनच्या पायांच्या पिशव्या शिवून आणायला सांगितल्या, आत समुद्रावरची वाळू. उस्तादनं विचारलं, दगड चालतील का, माझ्या मूत्रपिंडात आहेत. ओतिलियानं पिशवी घरी नेऊन ताजव्यात घातली, आणि आठ दिवसांनी पुन्हा घातली, तर ती हलकी भरली. वाळू ओली होती, सुकली. तिनं नवी वाळू घालून वजन पुरं केलं. असल्या गोष्टींत तिचा जीव रमे. हळूहळू पिशवी मोठी झाली. यास्नानं सांगितलं होतं, हाड म्हणजे काही खडू नाही, ते जिवंत असतं, त्याच्यावर भार आला की त्याला कळतं आपली गरज आहे. पण ते आळशी आहे, वर्षभर वाट बघायला लावतं, आणि तेव्हासुद्धा फार काही देत नाही. स्नायू लवकर ऐकतात. हे ओतिलियाला आवडलं, कारण यास्नानं काही वाढवून सांगितलं नव्हतं. आणि एक दिवस यास्नानं सगळ्यांना जमिनीवर आडवं व्हायला लावलं. चटयांवर, कपड्यांसकट, पाठीवर. "आता उठा," ती म्हणाली. "खुर्ची नाही, माझा हात नाही." तिथल्या प्रत्येकानं कुणाला ना कुणाला जमिनीवर पाहिलेलं होतं. त्या दिवशी ओतिलियाला उठता आलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. यास्ना म्हणायची, आधी कूस. मग कोपर. मग चार पायांवर, कुत्र्यासारखं, लाज कसली. मग एक पाऊल पुढे. आणि मग ढकला, जमिनीला ढकला, ती कुठे जात नाही. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी नोल्फानं टाळ्या वाजवल्या, आणि ओतिलियाला रडू आलं म्हणून तिनं नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

हातातला पाव अजून गरम होता. जिन्याच्या वळणापर्यंत ती आली तशी मांड्या पुन्हा बोलायला लागल्या. इथून वर पायऱ्या रुंद होत्या, आणि रुंद पायऱ्यांवर कठडा सोडून चालायचं, असा तिचा महिनाभराचा नेम होता. तिनं कठडा सोडला. वर नोल्फाच्या घरचा दिवा लागलेला दिसत होता. ती जवळच्या गल्लीनं लवकर पोचली असणार. ओतिलिया दोन पायऱ्या चढली आणि मांड्यांत ती थरथर आली, आतून, अगदी हॉलमधल्यासारखी. या वेळी नाही, तिनं स्वतःला बजावलं. या वेळी मी फसणार नाही. कानांत अजून ते हसणं होतं, किती रिश्टरचा गं, ओती. थरथरू दे. काम करतायत म्हणून थरथरतायत. तिनं पाऊल उचललं, आणि ज्या पायरीवर ते टेकायचं ती पायरी तिथे नव्हती.

ती डाव्या अंगावर पडली. डावा खुबा, मग कोपर, मग पाव. आवाज तिनं ऐकला, जाडसर, पोतं टाकल्यासारखा, आणि तिला वाटलं हा माझा आवाज आहे. नंतर काही नाही. ती तशीच पडून राहिली आणि वाट बघू लागली. वेदना येईल. आईला लगेच आली नव्हती, आई म्हणाली होती आधी नुसतं गार लागलं. ओतिलियाला सिमेंट गार लागत होतं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. अकरावा मजला नव्हता, समुद्र नव्हता. फक्त ती लांब काचेची नळी होती आणि तिच्या टोकाशी लोंबणारा एक थेंब. आता पडेल. आता रंग बदलेल. लाल, लाल, लाल. तिनं डावा अंगठा हलवला. हलला. घोटा वळवला. वळला. गुडघा, जरासा. खुब्यात ठणका होता, चांगला जोराचा, पण तो वरवरचा होता, कातडीचा आणि मांसाचा; आत, जिथे ती पुठ्ठ्यासारखी राखाडी जागा होती, तिथून काहीच येत नव्हतं. थेंब लोंबतच राहिला. मग तिनं डोळे उघडून वर पाहिलं. विजेच्या तारा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत उड्यांच्या दोरीसारख्या झुलत होत्या. पत्रे खडखडत होते, कुठेतरी बश्या फुटत होत्या, आणि टेकडीवरची सगळी कुत्री एकदम भुंकत होती. किती वेळ भुंकत होती कोण जाणे. जमीन हलत होती. आता हलकी होत होती, ओसरत होती, पण हलत होती, आणि सिमेंटला टेकलेल्या तिच्या गालाला ते मगापासून कळत होतं.

म्हणजे मी नव्हते, तिच्या मनात आलं. ते पाय नव्हते. आणि जिन्यावर आडवी पडल्या पडल्या ती हसायला लागली.

हसून झाल्यावर ती उठली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आधी कूस, मग कोपर, मग चार पायांवर. जिना तिरका असल्यामुळे पाऊल पुढे घेणं हॉलपेक्षा सोपं गेलं, वरची पायरी जवळ होती. तिनं त्या पायरीवर पाय ठेवला, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले, आणि जमिनीला ढकललं. हादरत असली तरी ती कुठे गेली नाही. कठडा हाताच्या अंतरावर होता. तो धरायचा राहून गेला, हे तिला उभं राहिल्यावर लक्षात आलं.

"ओती! ओती, कुठे आहेस?" वरून नोल्फा धावत आली, एका पायात चप्पल, काखेत मांजर. तिच्या मागून उस्ताद, कठड्याला धरून. "अगं बाई, ही तर पांढरीफटक पडलीय! पडलीस का?"

"पडले."

"मोडलं काही?"

"पाव."

नोल्फानं खालचा चपटा झालेला पुडा उचलला आणि छातीशी धरला, दुसऱ्या मांजरासारखा. उस्तादनं ओतिलियाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसा तो पूर्वी खोके उतरवून झाल्यावर बघत असेल. "उभं कुणी केलं?"

"कुणी करणार? होतं कोण इथे?"

"सेन्योरा," तो म्हणाला, आणि त्यानं टोपी काढली. मग डोक्यावर परत घातली, कारण धुकं गार होतं.

"आता ऐक," नोल्फा चढता चढता म्हणाली, "माकारेनाला काही सांगायचं नाही. हे मोजायचंच नाही. भूकंपातलं पडणं म्हणजे काय पडणं आहे का? माझी देवमातेची मूर्तीसुद्धा पडली कपाटावरून, तिला काय तू म्हातारी म्हणणार?"

"बरोबर आहे," उस्ताद म्हणाला. "आख्खा देश पडला. तुम्ही त्यातल्या एक."

ओतिलिया आपल्या दाराकडे वळली. घरी येऊन तिनं दिवा लावला, दोन फुटलेल्या बश्या गोळा केल्या, किटली गॅसवर ठेवली. फोन लागत नव्हता. हादऱ्यानंतर सगळा देश एकाच वेळी आपापल्या आईला फोन करतो, तासभर तरी कुणाचाच लागत नाही. खुबा आता नीट ठणकायला लागला होता, उद्या काळानिळा होणार. पाव चपटा झाला होता तरी त्यावर अ‍ॅव्होकाडो कुस्करून घातल्यावर काही कळत नव्हतं. ती खिडकीपाशी, आईच्या जागी, उभ्याउभ्याच खात राहिली. नोल्फा म्हणते ते चूक नव्हतं. ज्या दिवशी टेबल हलतं त्या दिवशीचं मोजमाप कुणी धरत नाही. पण प्रयोगशाळेत तिनं कधी नको असलेला आकडा खोडला नव्हता. शेजारी लिहायचं, परिस्थिती अशी अशी होती. आकडा तिथेच राहू द्यायचा. आणि हाड मोडलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं, हेही तिला माहीत होतं. कोपर आधी टेकलं असेल, पावानं थोडा मार खाल्ला असेल, नशीब असेल. इतक्या थोड्या महिन्यांत हाड काही बदलत नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. पण उठले ते मीच उठले. ते नशीब नव्हतं. तेवढं मात्र तिला मोजता येत होतं, आणि ते कुणाला सांगायचं तर आधी पडले हे सांगितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. जाईल घर तर जाईल. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यात बंदराचे दिवे कापसात गुंडाळल्यासारखे दिसत होते. एवढं एक सोडताना वाईट वाटणार होतं. पण खोटं बोलून इथे राहायचं म्हणजे पुन्हा काचेचंच होणं होतं, वेगळ्या प्रकारानं.

फोन वाजला.

"आई! किती वेळ लावतेय मी! आहेस ना ठीक? कुठे होतीस तू?"

"जिन्यावर."

"पडलीस?"

"हो," ओतिलिया म्हणाली. "पडले, माका. डाव्या अंगावर. मला वाटलं माझेच पाय थरथरतायत, म्हणून मी थांबले नाही. हादरा होता, पण पडले ते पडलेच."

फोनमधून फक्त शहराची घरघर येत होती, अकराव्या मजल्यावरची, आणि ओतिलिया वाट बघत होती, सामान, गाडी, रविवार, या शब्दांची. शेवटी आवाज आला तेव्हा तो इतका लहान होता की तिनं फोन कानावर घट्ट दाबला.

"कुणी उचललं तुला?"

आणि ओतिलियाला ती दिसली, ओल्या फ्रॉकमधली. इतकी वर्षं ती पाण्यात बसूनच होती.

"कुणी नाही, बाळा," ती म्हणाली. "कुणी उचलायलाच लागलं नाही. मी माझी उठले."

"एकटी?"

"एकटी. कठडासुद्धा नाही धरला."

पलीकडे एक हुंदका, मग दुसरा, मग ते रडणं सुरू झालं जे त्या दुपारी झालं नव्हतं. ओतिलियानं ते होऊ दिलं. किटली शिट्टी मारायला लागली, तिनं एका हातानं गॅस बंद केला. बऱ्याच वेळानं माकारेना नाक ओढत म्हणाली, "कशी उठलीस? नीट सांग."

"आधी कूस. मग कोपर—"

"थांब. सावकाश." काहीतरी सरकल्याचा आवाज आला, मग धप्प. "हां. आता सांग."

"माका, काय करतेस तू?"

"जमिनीवर आडवी झालेय. सांग ना."

ओतिलियानं सांगितलं. कोपर झालं, चार पायांवर झालं, आणि मग पलीकडून एक शिवी आली. "आई, हे नाही जमत. मी टेबल धरतेय."

"टेबल नाही धरायचं."

"अगं, गुडघा दुखतो माझा!"

"दुखू दे. रविवारी पिशवी शिवून देते तुला." मग तिनं विचारलं, "रविवारी येतेस ना? न्यायला?"

धापा टाकत माकारेना बहुतेक उठत होती. "जेवायला," ती म्हणाली. "कोंबडीचा रस्सा कर, मक्याचं कणीस घालून."

फोन ठेवल्यावर ओतिलिया तिथेच उभी राहिली, कपात चहा ओतत. पुन्हा काहीतरी थरथरलं, बारीक, असेल नसेल असं. मांड्या दमल्या होत्या, आणि एका हादऱ्यामागून दुसरा येतोच. तिनं कप उचलला आणि पहिला घोट घेतला. डोक्यावरचा दिवा हलतोय का, हे तिनं पाहिलं नाही.